महाकाय जलवासी सॅलॅमँडर: ओळख आणि राखण

उभयचर प्राण्यांच्या तीन गणांपैकी बेडकांचा गण मराठी माणसाला पावसाळ्याच्या पहिल्या सरीपासून परिचयाचा आहे, पाय नसलेल्या देवगांडुळांचा गण सह्याद्रीच्या मातीत राहूनही क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो, आणि शेपटी असलेल्या उभयचरांचा, म्हणजे सॅलॅमँडर व न्यूट यांचा तिसरा गण महाराष्ट्रात मुळीच आढळत नाही. भारतात या गणाचे प्रतिनिधी पाहायचे तर दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडील डोंगरांत जावे लागते, आणि तेथे भेटणारा प्राणीही वीतभर लांबीचाच असतो. त्यामुळे माणसाइतका लांब आणि पन्नास किलोपर्यंत वजन भरणारा सॅलॅमँडर आजही पृथ्वीवर आहे, हे मराठी वाचकाला प्रथम ऐकताना अतिशयोक्तीचे वाटणे स्वाभाविक आहे. क्रिप्टोब्रँकिडी या कुलातील हे प्राणी सध्या चीन, जपान आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग अशा परस्परांपासून दूर असलेल्या तीनच प्रदेशांत उरले आहेत. त्यांपैकी चीन व जपानमधील जाती अँड्रियास या प्रजातीत मोडतात, तर अमेरिकेतील हेलबेंडर हा जेमतेम पाऊण मीटर लांबीचा धाकटा भाऊबंद वेगळ्या प्रजातीत गणला जातो.

जर्मनीत यांपैकी एकही जाती आज निसर्गात जिवंत नाही. असे असूनही या प्राण्यांविषयीच्या ज्ञानाचा इतिहास जर्मन भूमीतील दगडांपासून सुरू होतो, आणि त्या इतिहासात एक चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडलेली दिसते: प्राणी समोर असतो, पण तो कोण आहे हे पाहणाऱ्याला उमगत नाही. अठराव्या शतकात या चुकीची किंमत केवळ विद्वानांच्या प्रतिष्ठेने मोजली. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत ती प्राण्यांना मोजावी लागली. संवर्धनाच्या प्रश्नाकडे या बाजूने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत ग्रंथात केलेला असल्यामुळे आरंभ जीवाश्मांपासून करणे क्रमप्राप्त आहे.

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, कॉन्स्टान्स सरोवराच्या पश्चिम फाट्यालगत, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून ओनिंगेन हे गाव आहे. त्याच्या वरच्या डोंगरउतारावरील खाणींत सुमारे १ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीच्या, म्हणजे मायोसीन किंवा मध्यनूतन युगातील एका सरोवराच्या तळाशी साचलेला चुनखडीयुक्त गाळ दगड होऊन राहिलेला आहे, आणि त्याच्या पातळ थरांत पाने, कीटक, मासे इतक्या बारकाव्याने जपले गेले आहेत की एकोणिसाव्या शतकात झुरिचच्या ओस्वाल्ट हेअर यांनी त्यावरून त्या काळातील संपूर्ण वनश्रीचे चित्र उभे केले. याच खाणीतून १७२५च्या सुमारास सुमारे मीटरभर लांबीचा एक सांगाडा निघाला, ज्यात रुंद, गोलसर कवटी, डोळ्यांच्या मोठ्या खोबणी आणि मणक्यांची सरळ रांग स्पष्ट दिसत होती. झुरिचचे वैद्य व निसर्गअभ्यासक योहान याकोब शॉइख्झर यांनी १७२६ मध्ये त्यावर एक पत्रक प्रसिद्ध केले आणि बायबलमध्ये सांगितलेल्या जलप्रलयात बुडून मेलेल्या पापी मनुष्याचा हा सांगाडा असून तो त्या प्रलयाचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे, असा निष्कर्ष काढला.

शॉइख्झर यांची नंतरच्या काळात मनसोक्त थट्टा झाली आणि पाठ्यपुस्तकांतून ती आजही चालू आहे. ती काहीशी अन्यायाची आहे. दगडांत दिसणारे शंखशिंपले आणि हाडे म्हणजे निसर्गाने सहज खेळ म्हणून घडवलेल्या आकृती होत, असे मानणारे विद्वान त्या काळी कमी नव्हते, आणि ती एकेकाळी जगलेल्या जीवांचीच शरीरे आहेत हे ठामपणे मांडणाऱ्यांत शॉइख्झर होते. त्यांचे तत्त्व बरोबर होते, प्राणी चुकला. वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने ती कवटी मानवी ठरवावी याचे आश्चर्य मात्र उरतेच. पुढे १७५८ मध्ये योहानेस गेसनर यांनी तो युरोपातील नद्यांत राहणारा मोठा वेल्स मासा असावा असे सुचवले, त्यानंतर डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर यांनी त्याला सरड्याच्या वर्गात नेऊन बसवले, आणि १८०२ मध्ये हा नमुना हार्लेम येथील टायलर संग्रहालयाने विकत घेतला तेव्हाही त्याची खरी ओळख पटलेली नव्हती.

ती पटवण्याचे काम फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्ये यांनी १८११ मध्ये हार्लेमला केले, आणि ज्या रीतीने केले ती रीत जीवाश्मविज्ञानाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. सॅलॅमँडरच्या सांगाड्याचे चित्र शेजारी ठेवून त्यांनी आधी अपेक्षा निश्चित केली: हा प्राणी सॅलॅमँडर असेल तर दगडाखाली झाकलेल्या भागात पुढचे पाय असले पाहिजेत आणि त्यांना मनुष्याप्रमाणे पाच नव्हे, तर चार बोटे असली पाहिजेत. मग त्यांनी दगड जपून कोरायला घेतला आणि अपेक्षेप्रमाणे पुढचे पाय उघडे पडले. प्रलयाचा मनुष्य तेथे संपला. तरी १८३१ मध्ये फ्रीड्रिख होल यांनी जातीला शॉइख्झर यांचेच नाव दिले, तर १८३७ मध्ये चुडी यांनी प्रजातीसाठी अँड्रियास हे मनुष्याच्या प्रतिमेचा अर्थ सूचित करणारे नाव निवडले, त्यामुळे जुना गैरसमज वैज्ञानिक नावात कायमचा नोंदला गेला आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९३६च्या आपल्या उपरोधिक कादंबरीत माणसाशी युद्ध पुकारणारे सॅलॅमँडर याच जातीचे दाखवले आणि त्यांच्यात एक ‘उत्तरेकडील श्रेष्ठ’ जर्मन शाखा कल्पून नाझी वंशसिद्धांताची खिल्ली उडवली.

ओनिंगेन हे जर्मनीतील एकमेव स्थळ नव्हे. बॉनजवळ रोट येथील ऑलिगोसीन म्हणजे अल्पनूतन युगातील थरांतून मिळालेल्या अवशेषांचे वर्णन हेर्मान फोन मायर यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते, तर लोअर सॅक्सनीतील विलर्सहाउझेन या गावी विटांच्या भट्टीसाठी माती काढण्याच्या खाणीत प्लायोसीन किंवा अतिनूतन युगाच्या उत्तरार्धातील, म्हणजे तुलनेने अगदी अलीकडचा, महाकाय सॅलॅमँडर सापडला. ट्यूबिंगेनचे फ्रांक वेस्टफाल यांनी १९५८ मध्ये युरोप व आशियातील जीवाश्म आणि जिवंत जाती शेजारी मांडून त्यांची तुलना केली, तेव्हा सांगाड्यांतील फरक त्यांना इतके किरकोळ वाटले की ओनिंगेनचा प्राणी आणि आजचे आशियाई प्राणी ही एकच जाती मानावी असे त्यांनी सुचवले. हे मत आज स्वीकारले जात नाही. मात्र कोट्यवधी वर्षांत हाडांची ठेवण जवळजवळ न बदललेला हा प्राणी आहे, हा त्यातील गाभा टिकला आहे. हाडे सारखी दिसतात म्हणून प्राणीही एकच, असे मानण्यातला धोका पुढे चीनच्या संदर्भात येणारच आहे.

हे प्राणी युरोपातून का गेले, या प्रश्नावरही महत्त्वाचे काम ट्यूबिंगेन येथेच झाले. माडेलाइन बोमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये युरेशियातील या कुलाच्या जीवाश्मस्थळांचा आढावा घेऊन असे दाखवले की हे प्राणी जेथे जेथे आढळतात तेथे त्या काळी वर्षाला साधारण ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस असला पाहिजे, आणि उष्ण, दमट कालखंडांत त्यांचा प्रसार मध्य आशियापर्यंत वाढलेला दिसतो. पुण्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसापेक्षा हा आकडा फारसा मोठा नाही. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, आणि या प्राण्याला बारमाही वाहणारे, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. हिमयुगे सुरू होताना युरोपात अशी परिस्थिती सलग टिकली नाही, आणि विलर्सहाउझेननंतर या खंडात त्यांचा माग लागत नाही.

जिवंत महाकाय सॅलॅमँडर युरोपला दाखवण्याचे श्रेयही एका जर्मन माणसाकडे जाते. व्युर्झबुर्ग येथे १७९६ मध्ये जन्मलेले फिलिप फ्रांत्स फोन झीबोल्ट हे डच सरकारच्या सेवेत वैद्य म्हणून १८२३ ते १८२९ या काळात जपानमध्ये होते, जेव्हा त्या देशाची दारे युरोपीयांपैकी केवळ डचांनाच, आणि तीही नागासाकीच्या एका चिमुकल्या बेटापुरती, किलकिली होती. तेथून आणलेला एक सॅलॅमँडर लायडनला जिवंत पोहोचला. त्याच्यासोबत निघालेल्या मादीला वाटेत त्यानेच गिळले असे सांगितले जाते, आणि या प्राण्याच्या सवयी पाहता त्यात अशक्य काही नाही. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात तो १८८१ पर्यंत जगला. या जातीचे शास्त्रीय वर्णन टेमिंक यांनी १८३६ मध्ये केले आणि झीबोल्ट यांच्या संग्रहावर आधारलेल्या जपानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथाच्या कामात आल्टेनबुर्गचे हेर्मान श्लेगेल सहभागी होते. शॉइख्झर यांच्या दगडातला प्राणी आणि झीबोल्ट यांच्या हौदातला प्राणी एकाच प्रजातीचे आहेत हे लक्षात आले, तेव्हा जीवाश्माला प्रथमच जिवंत देह मिळाला.

त्या देहाची रचना समजून घेतल्याशिवाय संवर्धनाची चर्चा पोकळ ठरते. डोके आणि धड वरून दाबल्यासारखे चपटे, शेपूट वल्ह्यासारखी, डोळे बारीक आणि पापण्यांविना, कातडी सैल व दोन्ही कुशींवर लांबच लांब चुण्यांची, असे याचे रूप असते. फुप्फुसे असली तरी श्वसनाचा बहुतेक भार कातडीवर असतो. कुशींवरील चुण्यांमुळे कातडीचे क्षेत्रफळ वाढते आणि केशवाहिन्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या असल्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सरळ रक्तात शिरतो. पाण्यातील प्राणवायू कमी पडू लागला की हेलबेंडर पाय रोवून जागच्या जागी अंग डावीकडे-उजवीकडे हलवू लागतो, त्यामुळे चुण्या लहरतात आणि अंगालगतचे शिळे पाणी बदलते. पाणी थंड आणि वाहते असेल तरच ही व्यवस्था चालते, कारण तापलेल्या, साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणूनच एखादा बंधारा घातला किंवा काठची झाडे तोडली की नदी वरकरणी तशीच दिसत असतानाही या प्राण्याचा श्वास कोंडू लागतो.

पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात डिंभावस्थेची, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या अवस्थेची, काही लक्षणे टिकून राहण्याला चिरडिंभता म्हणतात. महाकाय सॅलॅमँडरमध्ये ती अर्धवट असते: पिलाचे बाहेरचे कल्ले गळून पडतात, परंतु पापण्या कधीच येत नाहीत आणि प्राणी आयुष्यभर पाणी सोडत नाही. दिवसा तो खडकाखालच्या किंवा काठाच्या बिळात पडून राहतो आणि रात्री मासे, खेकडे, बेडूक जे समोर येईल ते क्षणार्धात तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. जबड्याची एकच बाजू खाली पाडून तिरक्या दिशेने भक्ष्य शोषून घेण्याची त्याची हातोटी इतर कशेरुकी प्राण्यांत विरळाच. डिवचल्यास तो कातडीतून दुधट, चिकट आणि तिखट वासाचा स्राव सोडतो.

प्रजननाची रीत तर बहुतेक सॅलॅमँडरांपेक्षा वेगळी आहे. इतरत्र नर शुक्राणूंची पुडी ठेवतो आणि मादी ती शरीरात घेते. येथे मात्र माशांप्रमाणे फलन शरीराबाहेर होते. जपानी जातीचा थोराड नर ऑगस्टच्या सुमारास काठाच्या पाण्याखालील एक बीळ ताब्यात घेतो, आतला गाळ साफ करतो, आणि मादीने आत येऊन मण्यांच्या माळेसारखी चार-पाचशे अंडी घातली की ती फलित करून पुढचे काही महिने त्या बिळाचा पहारा करतो. शेपटीने तो अंड्यांवर ताजे पाणी खेळवतो, मेलेली किंवा बुरशी धरलेली अंडी खाऊन टाकतो, म्हणजे रोग शेजारच्या अंड्यांना लागत नाही, आणि पिले बाहेर पडल्यावरही ती बीळ सोडून जाईपर्यंत त्यांच्यासोबत राहतो. पिले प्रौढ व्हायला अनेक वर्षे लागतात आणि प्राणी पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. या दीर्घायुष्यात एक फसवणूक दडलेली आहे: नदीत मोठमोठे प्राणी दिसत राहतात, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते, आणि पिले कित्येक वर्षांत जन्मलेलीच नाहीत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

चीनमधील कहाणी याहून कठोर आहे. तेथील प्राण्याचे वर्णन पॅरिसच्या एमिल ब्लांशार यांनी १८७१ मध्ये केले आणि तेव्हापासून जवळजवळ दीड शतक संपूर्ण चीनमध्ये एकच जाती आहे असे धरून चालण्यात आले. हॉटेलांतील महागड्या ताटासाठी होणारी बेसुमार पकड आणि धरणे यांमुळे निसर्गातील संख्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोसळली. उलट व्यापारी पैदाशीच्या तलावांत लाखो प्राणी वाढू लागले, आणि त्यांतले हजारो प्राणी संवर्धनाच्या नावाखाली नद्यांत सोडले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या साऱ्यावर बोट ठेवले. २०१३ ते २०१६ दरम्यान ९७ ठिकाणी केलेल्या पाहणीत अवघ्या ४ ठिकाणी मिळून २४ प्राणी आढळले आणि जनुकीय तपासणीत त्यांपैकी एकही त्या भागातला मूळ रहिवासी ठरला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने एक मानलेल्या जातीत लक्षावधी वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या किमान पाच शाखा असल्याचे दाखवले. पैदास केंद्रांनी दूरदूरच्या नद्यांतील प्राणी एकत्र करून त्यांचा संकर केला होता आणि तोच संकर नद्यांत सोडला जात होता, म्हणजे ज्यांना वाचवायचे होते त्यांचा वंश वाचवण्याच्या कृतीनेच पुसला जात होता.

लंडनमधील एका जुन्या नमुन्यावरून १९२४ मध्ये वर्णिलेली आणि नंतर रद्दबातल ठरवलेली अँड्रियास स्लिगोई ही जाती २०१९ मध्ये पुन्हा स्वतंत्र मानली गेली, तर २०२२ मध्ये जिआंगशी प्रांतातील आणि २०२३ मध्ये ह्वांगशान भागातील जातींना नावे मिळाली. यांपैकी जिआंगशीची जाती एका राखीव वनात शुद्ध रूपात प्रजनन करताना सापडली, ही या प्रकरणातील मोजक्या दिलासादायक गोष्टींपैकी एक होय. दुसरी घटना विचित्र आहे. १९७२ मध्ये खाण्यासाठी जपानमध्ये आणलेले चिनी प्राणी निसटून क्योटोच्या कामो नदीत शिरले आणि स्थानिक जातीशी त्यांचा इतका संकर झाला की तेथे शुद्ध जपानी प्राणी आता मिळेनासा झाला आहे. जपानने २०२४ मध्ये परकी जाती आणि संकर यांना उपद्रवी म्हणून कायद्याच्या कक्षेत आणले. जपानमधील अशा प्राण्यांच्या जनुकीय तपासण्यांत स्लिगोई जातीचे दोन प्राणी जपानमधील संग्रहांत जिवंत असल्याचे उघड झाले. मायदेशी न सापडणारी जाती परदेशच्या हौदात, तीही दुसऱ्याच नावाने, टिकून होती.

जर्मनीपुढील आजचा प्रश्न महाकाय जातींचा नाही, तर त्यांच्या दूरच्या आणि लहानखुऱ्या नातेवाइकाचा आहे. काळ्या अंगावर पिवळेधमक पट्टे असलेला, वीतभर लांबीचा अग्नी सॅलॅमँडर हा तेथील पानझडी जंगलांचा रहिवासी असून त्याची मादी अंडी न घालता डिंभ थेट ओढ्याच्या पाण्यात सोडते. या प्राण्याची कातडी खाऊन त्याला काही आठवड्यांत मारणारी एक कवकजाती नेदरलँड्समधील मृत्यूंच्या तपासातून २०१३ मध्ये वर्णिली गेली. तेथील एका जंगलातील जवळजवळ सर्व अग्नी सॅलॅमँडर तिने संपवले होते. मूळची पूर्व आशियातील ही बुरशी पाळीव उभयचरांच्या व्यापारातून युरोपात आली असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. जर्मनीत आयफेलच्या डोंगरांत, पुढे रूर खोऱ्यात आणि २०२० मध्ये बव्हेरियातील श्टायगरवाल्डमध्ये ती आढळली. त्रियर विद्यापीठातील संशोधकांनी जुने नमुने तपासले तेव्हा आयफेलमध्ये ती २००४ पासूनच असल्याचा पुरावा मिळाला. येथेही मरणारे प्राणी आधी होते, कारण ओळखू आले ते नंतर.

या संकटाला दिलेला प्रतिसाद मात्र जर्मनांच्या जुन्या छंदाला शोभणारा आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली जर्मन सरीसृप-उभयचर संघटना हौशी पालक आणि व्यावसायिक संशोधक यांना एकाच छताखाली आणत आली आहे. तिने प्राणिसंग्रहालयांची संघटना आणि फ्रॉग्ज अँड फ्रेंड्स ही संस्था यांच्यासह २०१८ मध्ये सिटिझन कॉन्झर्व्हेशन हा उपक्रम सुरू केला, ज्यात धोक्यातील उभयचरांच्या वंशाची काटेकोर नोंद ठेवून सामान्य नागरिकांच्या घरीही त्यांची पैदास केली जाते, आणि अग्नी सॅलॅमँडरही त्यात आहे. युरोपीय संघाने त्याच वर्षी सॅलॅमँडरांच्या व्यापारावर तपासणीचे आणि विलगीकरणाचे नियम लादले. वंशाची नोंद नसलेली पैदास काय करू शकते हे चीनने दाखवलेले असताना नोंदवहीचा हा आग्रह क्षुल्लक मानता येणार नाही. हौसेखातर प्राणी हलवण्याची उदाहरणे जर्मनीतही आहेत: हार्त्स डोंगरातील रूबेलांडच्या हेर्मान गुहेत १९३२ आणि १९५६ मध्ये अ‍ॅड्रियाटिक समुद्रालगतच्या प्रदेशातील ओल्म नावाचे आंधळे उभयचर आणून सोडले गेले आणि पर्यटक ते आजही पाहतात; त्यांपासून तेथे उपद्रव झालेला नाही, इतकेच.

पुढील प्रकरणांत शरीररचना, जीवाश्म, जनुकीय वर्गीकरण आणि प्रत्येक देशातील संवर्धनाचे प्रयत्न यांचा विस्तार येईल. जे मराठी वाचक जर्मनीत शिकतात किंवा कुटुंबासह राहतात आणि सुटीच्या दिवशी आयफेल वा श्टायगरवाल्डच्या ओढ्यांकाठी भटकतात, त्यांच्यासाठी एक विनंती येथेच करणे योग्य ठरेल: अंगावर व्रण असलेला किंवा मेलेला सॅलॅमँडर दिसल्यास त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, ठिकाण आणि तारीख छायाचित्रासह त्या जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाला कळवावी, आणि दुसऱ्या जंगलात जाण्यापूर्वी बुटांचा चिखल धुऊन ते पूर्ण वाळवावेत, कारण ही बुरशी ओल्या मातीत टिकते आणि तळव्याला चिकटून प्रवास करते.